थोरला भोपळा की धाकटा?

गॅरेजमध्ये जुने नटबोल्ट जसे कोणी मुद्दाम न साठवता साठतात, तसेच किस्सेही साठत असावेत. निदान बारामतीच्या श्रीपततात्यांच्या गॅरेजात तरी तसे होई. तात्या माझ्या वडिलांचे स्नेही. मी त्या वेळी पुण्याला पदार्थविज्ञानात एम. एस्सी. करीत होतो आणि सुट्टीत त्यांच्याकडे उतरलो होतो. मी शिक्षक नव्हतो, तरी सारे मला ‘मास्तर’ म्हणत. ही चूक मी दुरुस्त करू पाहिली. यश आले नाही.

एका साखर कारखान्याला आपल्या ट्रॅक्टरांच्या दुरुस्तीचे काम बाहेर द्यायचे होते. ते बारामतीच्या तात्यांनीही मागितले आणि इंदापूरच्या एका गॅरेजवाल्यानेही. कारखान्याच्या साहेबांनी तोडगा काढला: दोघांनी स्वतः जुळवलेल्या गाड्या अंथुर्ण्याच्या माळावर सरळ रेषेत पळवाव्यात, जिंकेल त्याला काम!

“मास्तर, हे काम गेलं तर गॅरेजला कुलूप लावून म्या घरी बसनार,” तात्या म्हणाले.

त्यांनी लष्करी लिलावातल्या एका ट्रकचे इंजिन नुसत्या सांगाड्यावर बसवले होते. क्लचऐवजी त्यांना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून चाकांकडे नेणारा बंद डबा, लावायचा होता आणि भंगारातून तसे दोन मिळालेही होते. एक मोठा, लष्करी गाडीचा. दुसरा लहान, कोणा संस्थानिकाच्या मोडक्या अमेरिकन मोटारीचा. आकार भोपळ्यासारखा, म्हणून नावे पडली ‘थोरला भोपळा’ आणि ‘धाकटा भोपळा’.

कोणता लावायचा, हे मी सांगायचे होते. मी असा भोपळा तोवर फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिला होता!

*

प्रथम तत्त्व समजावून सांगावे, असे मला वाटले. मी टेबलावर दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला. त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागला.

“भोपळ्याच्या आतही असेच दोन पंखे असतात,” मी म्हणालो. “तेथे वाऱ्याच्या जागी तेल असते, इतकाच फरक.”

मंडळी थक्क झाली. सर्वांत जास्त थक्क झाले समोरचे हॉटेलवाले नामदेवराव. त्यांनी कोठून तरी एक जळका पंखा पैदा केला, आपल्या चालू पंख्यासमोर मांडला आणि मधल्या बाकावर गिऱ्हाइके बसवली.

संध्याकाळी ते तणतणत आले. “मास्तर, तुमचं शास्त्र उलटं हाय! गिऱ्हाईक उठलं की पंखा फिरतोय आन् बसलं की थांबतोय!”

*

माझा निर्णय होईना, म्हणून तात्यांनी वडगाव निंबाळकरच्या आबांना बोलावले. बैल पारखण्यात आबांचा शब्द शेवटचा मानत.

आबांनी दोन्ही भोपळ्यांभोवती फेरी मारली, दोघांच्या पाठीवर थाप मारली. “ह्येंच्यात फरक काय, मास्तर?”

मी शक्य तितके अचूक सांगितले. “थोरला इंजिनाला लगेच पकडतो. धाकटा आधी त्याला जोरात फिरू देतो आणि मग पकडतो. इंजिनाचा जोर सावकाश फिरताना जास्त असेल तर थोरला इष्ट. वेगात जास्त असेल तर धाकटा.”

“आन् ह्या इंजिनाचं कसं हाय?”

“ते निश्चित सांगता येत नाही.”

आबांनी दोन्ही भोपळ्यांवर पुन्हा एकदा हात फिरवला. मग तात्यांना म्हणाले, “तात्या, एक डाव्या अंगाला जुंपा, एक उजव्या. कसं बी करा, पर जोडी फोडू नका!”

*

शेवटी प्रयोगच करायचे ठरले. ब्रेक घट्ट दाबून इंजिन पूर्ण जोरात चालवायचे आणि ते कितपत फिरते ते पाहायचे. भोपळ्यात घालायला योग्य तेल हवे, हे मी आवर्जून सांगितले होते. परंतु तात्यांनी घाण्यावरून करडईचे तेल आणले. “त्याल ते त्याल!”

थोरल्या भोपळ्याला इंजिन कण्हत राहिले. धाकट्याला मात्र ते जे गर्जले, की पत्रे थरथरले! गाडी जागची हलत नसल्याने सारा जोर तेलात उतरत होता आणि तेल तापत होते. मी समाधानाने ‘धाकटा’ असे जाहीर केले, तोच सांगवीचे एक भाजीवाले पाटी उतरवून दारात बसले.

“भजी हुईस्तवर बसतो म्या,” ते म्हणाले. “लई झ्याक वास सुटलाय!”

*

तेल बदलले. आता अडचण उरली तात्यांच्या डाव्या पायाची. क्लच नाही, हे त्यांना मान्य होते. पायाला मान्य नव्हते. तो सवयीने दाबायला जाई, नेमका ब्रेकवर पडे आणि तात्या नाकावर आपटत. मग त्यांनी तो पाय मांडीखालीच दुमडून टाकला.

त्या आसनात ते रस्त्यावरून जात असता त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, पाहिले. “अवो, गाडी चालवताय का पंगतीला बसलाय? ताट आनू का?”

*

शर्यतीच्या दिवशी पंचांनी बैलगाड्यांचाच नियम लावला: रुमाल पडेपर्यंत प्रत्येक गाडी माणसाने धरून ठेवायची. इंदापूरची जीप दोघांनी धरली. आमची गाडी मागच्या दांडीला धरायला गणपत पैलवान एकटेच पुढे आले.

तात्यांनी डावा पाय मांडीखालून काढून ब्रेकवर रोवला आणि इंजिन पूर्ण जोरात चालवले. धुरळा उडाला, जमीन हादरली. गाडी तसूभरही हलली नाही. लोक गाडी सोडून पैलवानांकडे पाहू लागले. पैलवानही हळूहळू स्वतःकडेच कौतुकाने पाहू लागले.

“धरली! एकट्यानं धरली!” माळावर ओरडा झाला.

ब्रेकविषयी मी चार लोकांना सांगण्याचा प्रयत्न केला. ऐकू येणे शक्य नव्हते.

रुमाल पडला. जीप पुढे निघाली. तात्यांनी ब्रेक सोडला आणि आमची गाडी बाण सुटावा तशी सुटली. पैलवानांनी मात्र दांडी सोडली नाही! थोडे धावले, थोडे फरफटले, मग दांडीवर पोट टेकून तरंगत गेले. जीप मागे पडली. गाडी जिंकली!

कारखान्याचे साहेब धावत आले ते थेट पैलवानांकडे. त्यांनी स्वतःच्या हाताने त्यांची धूळ झटकली.

“सोडली का नाही हो?”

“सोड म्हनल्यालं ऐकू आलं न्हाय, सायेब.”

साहेब कितीतरी वेळ त्या दांडीकडे, मग पैलवानांच्या मनगटांकडे पाहत राहिले. मग तात्यांकडे वळले.

“काम तुम्हाला दिलं, तात्या,” ते म्हणाले. “पण एक अट आहे. आमच्या ट्रॅक्टरांच्या ब्रेकचं काम ह्या पैलवानांशिवाय कोणी करायचं नाही!”