कडेच्या माणसाचा कैवारी

चीफ अमेरिकेच्या निवडणुकीची डिबेट कधीही बसून बघत नसत. तिकडे स्टेजवर उमेदवार उभे, इकडे सिंगापुरात, सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर, हाताची घडी घालून, चीफ उभे. "बिचारे दोन-दोन तास उभे आहेत, आणि आपण सोफ्यावर लोळत त्यांची अक्कल काढायची? मला नाही पटत," असं म्हणायचे आणि मग उभ्याउभ्याच सगळ्यांची अक्कल काढायचे. आम्हा पाहुण्यांना मात्र बसायची परवानगी होती. पोहे उभ्याने खाल्ले की सांडतात, एवढंच त्याचं कारण.

त्यांचं खरं नाव बँकेला आणि इथे राहायचा पास देणाऱ्या सरकारी ऑफिसलाच ठाऊक असावं. उभी हयात बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलेली, चीफ इंजिनिअर म्हणून उतरले आणि सिंगापुरात बोटींच्या दुरुस्तीची देखरेख करणारी किनाऱ्यावरची नोकरी धरली. बोट सुटली तरी हुद्दा सुटला नाही. भाजीवाल्यापासून माझ्या मुलीपर्यंत सगळे त्यांना चीफच म्हणत. इंजिनरूमच्या आवाजात बोलायची सवय असल्यामुळे ते कानात सांगायला आले तरी लिफ्टजवळच्या माणसाला ऐकू जायचं.

आता, या माणसाला अमेरिकेच्या निवडणुकीचं एवढं काय? ना तिथे मत, ना तिथे मुलगा. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हे बघ, आपल्याकडच्या निवडणुकीवर बोललं की चुलतभाऊ तुटतात. अमेरिकेच्या निवडणुकीवर कितीही भांडा, दिवाळीला सगळे फराळाला येतात." आणि त्यातही त्यांना आवडायची ती प्राथमिक फेरी, म्हणजे एकाच पक्षातले आठ-दहा जण 'मीच उभा राहणार' म्हणून एकमेकांच्या उरावर बसतात ती. "परक्याशी कोणीही भांडतं गं. माणूस घरच्यांशी कसा भांडतो ते बघावं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. दोन हजार सोळाच्या निवडणुकीचा तो हंगाम त्यांनी एखाद्या लग्नसराईसारखा साजरा केला. अमेरिकेतली शनिवार रात्र म्हणजे आमची रविवार सकाळ, त्यामुळे अशा डिबेटीला आम्हा चार घरांना चीफकडे हजेरी सक्तीची. डिबेट आडवारी आली तर चीफची तब्येत हमखास बिघडायची आणि ते अर्धा दिवस रजा टाकायचे.

बरं, पक्ष कुठला म्हणाल, तर कुठलाच नाही. चीफचा उमेदवार ठरलेला असे : स्टेजवर अगदी कडेला जो उभा असेल तो. ज्याला जनतेचा पाठिंबा जास्त त्याला मधोमध उभं करायचं आणि कमी असेल त्याला कडेला सरकवायचं, अशी तिथली रीत. पुढच्या डिबेटीला कडेचा माणूस बदलला की चीफही विनासंकोच बदलायचे. गेल्या खेपेला ज्याच्यासाठी घसा कोरडा केला तो जरा मध्याकडे सरकला, की चीफच्या मनातून उतरलाच. "त्याला आता विचारणारे आहेत. हा बघ, हा बिचारा केव्हाचा हात वर करून उभा आहे!" असं म्हणत ते टीव्हीवरच्या सूत्रसंचालकावर धावून जायचे. "अरे, बघ की त्याच्याकडे! विकत घेतलंय का तुम्हाला? अहो, चॅनेल कसलं, ही मधल्याची वरात आहे!"

या प्रेमाचं मूळ बोटीवर होतं. बोटीवर डेकवाले आणि इंजिनवाले हे वैर जुनं. बोट बंदरात लागली की हार कॅप्टनच्या गळ्यात, फोटो कॅप्टनचा, आणि ज्याच्या जिवावर बोट आली त्या इंजिनजवळचा चीफ खाली तेलात माखलेला. "पेपरवाला कधी खाली उतरलाय इंजिनरूममध्ये? जिना असतो तिथेही," चीफ म्हणायचे. मीडियाचा पक्षपात या विषयावर त्यांचा अभ्यास तिथला होता.

आणि देवाची करणी अशी, की त्या रविवारच्या बैठकीला एक खराखुरा कॅप्टन येत असे. कॅप्टनसाहेब पलीकडच्या कॉन्डोत, म्हणजे बड्या खासगी सोसायटीत राहायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं हळू, आणि उमेदवार नेहमी मधला. "ज्याला लोकांनी मधे उभं केलंय त्यालाच जास्त विचारणार ना, चीफ?" एवढंच ते शांतपणे म्हणायचे आणि चीफचा बॉयलर फुटायचा. गंमत अशी, की डिबेट संपली की दोघंही सारखेच दुखावलेले असत. चीफ म्हणणार, कडेच्याला बोलू दिलं नाही. कॅप्टन म्हणणार, सगळे अवघड प्रश्न मधल्यालाच टाकले, हा धडधडीत अन्याय आहे. एकच चॅनेल, एकच कार्यक्रम, आणि दोघांचीही खात्री की ते आपल्या वाइटावर आहे. शैलाकाकू, म्हणजे चीफची बायको, रिकाम्या बशा उचलता उचलता म्हणायच्या, "अहो, पोहेसुद्धा मी दोघांना सारखेच वाढते. तरी तुम्ही दोघं एकमेकांच्या बशीत बघता."

काकू बोलायच्या त्या एवढंच, येता-जाता. तेही बशा हातात असताना.

त्याच सुमाराला आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाची निवड आली. एरवी ही निवड म्हणजे कोणाला तरी गळ घालून घोड्यावर बसवायचं, एवढाच कार्यक्रम. त्या वर्षी मात्र तिघं उभे राहिले. एक कॅप्टन. दुसरा आंग मो किओ भागात नोकरी करणारा निखिल नावाचा पुण्याचा उत्साही मुलगा. त्याला गणपतीच्या प्रसादापासून हिशोबापर्यंत सगळं मोबाइलवर आणायचं होतं. आणि तिसऱ्या शैलाकाकू. त्यांनी नाव दिलं तेव्हा चीफना आधी ती थट्टाच वाटली. "अगं, तू अध्यक्ष झालीस तर कोजागरीची भेळ कोण करणार?" काकू म्हणाल्या, "अध्यक्ष सांगेल तो."

काकूंच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं, कारण त्यांनी ते मला टेक्का बाजारात कढीपत्ता निवडताना सांगितलं होतं. आमच्यात बोटीवर नोकरी करणाऱ्यांची कितीतरी घरं होती. नवरा समुद्रावर आणि बायको इथे, परक्या गावात, मुलाला घेऊन एकटी. मंडळ त्यांना गणपतीला बोलवायचं आणि नंतर विसरायचं. काकूंना दर बुधवारी दुपारी त्या सगळ्यांना एकत्र जेवायला बोलवायचं होतं, मूल तापलं तर रात्री कोणाला फोन करायचा ते ठरवून ठेवायचं होतं. "मी काढलीत गं ती वर्षं," त्या म्हणाल्या. "दाराला कडी लावून, पंख्याचा आवाज ऐकत. दुसरीने कशाला काढायची?" एवढं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिघं उभे म्हटल्यावर चीफना राहवेना. मंडळाचीही डिबेट झालीच पाहिजे, आणि ती अमेरिकेच्या चॅनेलांना धडा म्हणून निःपक्षपाती झाली पाहिजे! सूत्रसंचालक कोण, हा प्रश्नच नव्हता. मी म्हटलं, "चीफ, काकू उमेदवार आहेत. लोक बोलतील." तर छातीवर हात ठेवून म्हणाले, "बोलून दाखवू दे एकाला! बायको-बियको मी ओळखत नाही त्या दिवशी." आणि दुर्दैवाने त्यांनी हा शब्द पाळला.

कॅप्टनच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी डिबेट झाली. चीफ कडक कोट घालून, अर्थातच उभे. समोर तीन टेबलं, त्यांच्यामागे उमेदवारही उभेच. लोकांच्या तोंडी नाव कॅप्टनचं, म्हणून ते आपसूक मधे. एका कडेला निखिल, दुसऱ्या कडेला इरकली साडीतल्या काकू, हातात घडी केलेला रुमाल. पहिला प्रश्न कॅप्टनना. दुसरा निखिलला. मग कॅप्टनना उलटप्रश्न, निखिलचं त्यावर म्हणणं, कॅप्टनचं त्या म्हणण्यावर म्हणणं. हॉलचं भाडं झालं, ढोलपथक झालं, मुलांचे मराठीचे वर्ग झाले. चीफ रंगात आले होते. मधूनच त्यांची नजर काकूंकडे वळायची आणि चटका बसल्यासारखी परत फिरायची. 'आता हिला विचारलं तर म्हणतील बायकोला विचारलं,' हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं मला तिसऱ्या रांगेतून वाचता येत होतं. काकूंनी दोनदा घसा साफ केला. एकदा तर हातही जरासा वर गेला आणि खाली आला.

"तर मंडळी, आपण सर्वांना समान संधी देऊन..." चीफनी समारोपाला सुरुवात केली.

"चीफ," मधल्या टेबलावरून कॅप्टन नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "कडेला कोण उभं आहे ते जरा बघा."

चीफनी बघितलं. इंजिन बंद पडल्यावर बोटीवर जी शांतता होते म्हणतात ती हीच असावी. त्यांचं तोंड उघडं आणि आवाज नाही, असं दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कॅप्टननी आपला माइक उचलला, दोन पावलं चालले आणि काकूंच्या हातात दिला. "माझा समारोपाचा वेळ वहिनींना," ते म्हणाले.

काकूंनी माइक बशीसारखा दोन्ही हातांनी धरला. "मला काही विचारलं नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून मी तुम्हालाच विचारते. तुमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये नवरा बोटीवर असलेली कोण राहते, तिचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का?" आणि मग बुधवारचं जेवण, रात्रीचा फोन, सगळं सांगितलं. शांतपणे, कुठेही न अडखळता. मागच्या रांगेत एक मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती, ती रडायला लागली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

काकू निवडून आल्या. आणि त्या संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चीफची जी काही धुलाई झाली म्हणता! कॅप्टनच्या गोटातले म्हणाले, हा ठरवून केलेला डाव, बायकोला सहानुभूती मिळावी म्हणूनच चीफनी तिला डावललं. निखिलच्या दोस्तांनी त्याला अवघड प्रश्न कसे टाकले ते मुद्देसूद मांडलं. काकूंच्या बाजूच्या बायकांनी तर चीफना नवरा म्हणूनच नापास केलं. तिन्ही पक्षांचं एकाच गोष्टीवर एकमत : सूत्रसंचालक पक्षपाती. माझी मुलगी ते वाचून हसत सुटली आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पुअर चीफअंकल! एव्हरीबडी स्कोल्ड हिम, लाह!"

मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तर चीफ चक्क सोफ्यावर बसलेले. "मी कोणाचीच बाजू घेतली नाही गं," ते म्हणाले, आणि तेही हळू आवाजात.

"तेच तर," काकू आतून म्हणाल्या.

बुधवारची जेवणं सुरू झाली. पहिल्या बुधवारी चीफ अर्धा दिवस रजा टाकून कांदे चिरायला हजर होते. साहेबाला काय कारण सांगितलं कोण जाणे. कॅप्टन त्यांच्या शेजारी बसून मिरच्यांची देठं काढत होते, आणि कोणाची देठं जास्त निघाली यावर दोघांचं जुंपलं होतं. टीव्हीवरच्या डिबेटी नंतरही झाल्या, चीफ उभेही राहिले, पण सूत्रसंचालकाला शिव्या द्यायला तोंड उघडलं की काकूंकडे बघून पुन्हा मिटायचं. काकूंना त्यातही दया आली. "द्या हो, द्या दोन शिव्या," त्या म्हणायच्या, "नाहीतर पोहे पचायचे नाहीत."

पुढे एक-दोन वर्षांत चीफची नोकरी संपली, पासही संपत आला. परत जायचं ते कुठे, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. गुहागर. चीफ कधीपासून त्या घराची चित्रं काढायचे : झोपाळा कुठे, खिडकी कुठे, खिडकीतून दिसणारी बोट कुठे. जाण्याआधी त्यांना आमच्याकडे जेवायला बोलावलं होतं. कॅप्टनही होते. मी सहज म्हटलं, "मग काय चीफ, गुहागरला कधी बोलावताय?"

चीफनी खुर्ची वळवली, काकूंकडे तोंड केलं आणि विचारलं, "अगं, तुला कुठे राहायचंय?"

काकूंच्या हातात आमटीची वाटी होती. त्यांनी ती खाली ठेवली. उत्तर यायच्या आत चीफनी पुढचं वाक्य सुरू केलं नाही, असं मी त्यांच्या बाबतीत तेव्हा एकदाच पाहिलं.

"नाशिकला," काकू म्हणाल्या.

"नाशिकला? अगं, तिथे समुद्र कुठे आहे?"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "तुम्हाला घेऊन जाणारी बोट जिथे लागतच नाही, अशा गावात राहायचंय मला."

कॅप्टन ताटातल्या भाताकडे बघत राहिले. त्यांचीही बायको अशीच कुठल्या कुठल्या घरांत वाट बघत थांबलेली. चीफनी हात पुढे केला, काकूंची वाटी उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "बरं. नाशिक."

नाशिकला राहतात ते आता, तिसऱ्या मजल्यावर. परवा फोन केला होता. चीफ म्हणाले, खिडकीतून एक डोंगर दिसतो, आणि तो अजिबात हलत नाही.