शिडाच्या नावेची परीक्षा

नाव ट्रेलरवर चढून आली तेव्हा युसूफ वडगावच्या बाजारात लोकांनी ती प्रचाराचा रथ समजली. "कोन्या पार्टीचा?" असं दोघातिघांनी विचारलंसुद्धा. माझा धाकटा दीर पूर्वी सरपंच होता, तेव्हा शंका अगदीच हवेत नव्हती. तो गाडीच्या टपावरून हात हलवत पुढे चालला होता आणि मागे आमचे हे ताडपत्रीची दोरी धरून बसले होते. मी घराच्या दारात उभी राहून कपाळाला हात लावला. आज त्याच नावेचे माझ्यावर उपकार आहेत असं मी जाता-येता सांगते, आणि ऐकणारे हसतात.

उमेदीची सगळी वर्षं यांनी नौदलात काढली. लोखंडी जहाजं, पोटात धडधडणारी इंजिनं. नुसत्या वाऱ्यावर समुद्रात जायचं त्यांच्या मनात होतं, ते त्यांनी निवृत्त होईपर्यंत मनातच ठेवलं. मग गोव्यात कुणाचीतरी पडून असलेली जुनी नाव घेतली आणि मांजरा धरणावर तपासायला आणली. आत दोन माणसांनी झोपायचं, रांधायचं, आठवडाभर राहायचं अशी सोय. पावसाळा सरला की गोव्यापासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, दोघांनीच.

"नाव कशी हाय ते तूच बघून सांग," ते म्हणाले. "तू न्हाई म्हनलीस तर इकून टाकतो."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मुलांना मार्क दिले. नावेला द्यायची वेळ पहिलीच. पण या माणसानं स्वतःसाठी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. जेवणात मीठ कमी असलं तरी मागायचा नाही. त्यामुळे उगाच हो म्हणून त्यांना बुडवायचं नाही आणि उगाच नाही म्हणून त्यांचं मन मोडायचं नाही, असं ठरवून मी कामाला लागले.

परवानगीचे सोपस्कार झाले, ट्रॅक्टरनं नाव पाण्यात ढकलली. यंदा धरण भरलेलं होतं आणि दुपारनंतर वारा चांगला सुटायचा. आधी मी आतली बाजू बघितली. यांचं डोकं दर फेरीला छताच्या तुळईला लागायचं, माझं लागत नव्हतं. देवानं मला ठेंगणी केली त्याचं कारण त्या दिवशी कळलं. शेगडी दोन खिळ्यांवर झुलती टांगलेली. नाव कलली की शेगडी वाकडी झाल्यासारखी दिसे, पण खरं तर वाकडे आम्ही असायचो आणि चहा पातेल्यात जागच्या जागी. ज्यानं कुणी ही युक्ती काढली त्याला मी मनापासून हात जोडले. मात्र भाकरी थापायला बूड टेकवून बसावं अशी एक जागा नाही. कपाटांना कडी नाही, नाव पहिल्यांदा कलली तशी शेंगदाण्याची चटणी सगळ्या गादीवर. कड्या हव्यात, आणि झोपताना माणूस खाली गडगडू नये म्हणून कडेला कापडाची झोळी हवी, असं मी सांगितलं. यांनी लगेच माप घेतलं.

मग चालणं. नाव एका कुशीवर झाली की पहिले काही दिवस मला उसाची गाडी उलटताना दिसायची. मी ओरडायचे, हे हसायचे. नावेच्या पोटाखाली लोखंडाचं एक जड पातं आहे, उथळ पाण्यात ते वर ओढून घेता येतं. वारा तिला जितकं पाडतो, तितकं ते पातं तिला उभं करतं. हे कळल्यावर भीती गेली असं नाही, पण भीतीला टेकायला काहीतरी मिळालं. वाऱ्याच्या तोंडावर ती सरळ जात नाही. घाट चढावा तशी वळणं घेत जाते, आणि प्रत्येक वळणाला शीड डोक्यावरून धाडकन पलीकडे जातं. एका मोठ्या वळणात मी सुकाणू धरलं, एकदाही शीड फडफडलं नाही, तेव्हा हे "वा!" म्हणाले. लग्नानंतर त्यांच्या तोंडून ऐकलेला तो पहिला 'वा'. मी तो जपून ठेवला आहे.

आता राहिला माझा खरा प्रश्न. "तुमी पान्यात पडलात आन् मी एकटी नावेवर असले, तर?"

त्यांनी पाण्यात तरंगवणारं जॅकेट घातलं आणि सरळ उडी मारली. मी नाव वळवली आणि त्यांच्या दिशेनं सोडली. वारा पाठीशी. नाव अशी काही सुसाट निघाली की त्यांच्या शेजारून निघूनही गेली, आणि ते मागे हात वर करून "अगं, थांब!" म्हणत राहिले. नावेला ब्रेक नसतो. पुन्हा वळवली, पुन्हा तेच. माझ्या नाकी नऊ आले. मग मला माहेर आठवलं. नेकनूरकडे आमच्या घरी म्हशी होत्या. दावणीतून सुटलेल्या म्हशीच्या मागे धावलं की ती आणखी पळते. तिला बगल देऊन लांबून पुढे जायचं आणि समोरून यायचं. मी यांना बगल देऊन वाऱ्याबरोबर पार खाली गेले, तिथून वळून वाऱ्याकडे तोंड केलं आणि शीड ढिलं सोडलं. वेग मेला. नाव यांच्या हातापाशी येऊन गुमान उभी राहिली. मी इतकी हरखले की त्यांना वर घ्यायचं विसरले.

घ्यायला गेले तर येईनात. नावेची भिंत उंच, आणि मागची शिडी वरून बांधलेली. पाण्यातल्या माणसाचा हात तिच्या गाठीपर्यंत पोचत नाही. वरचं माणूस झोपेत असलं की संपलं. नाव बांधणाऱ्यानं माणूस पाण्यात पडेल याचा विचार केला होता, तो परत वर येईल याचा केला नव्हता. यांनी गावातल्या वेल्डरकडून नवी शिडी करून घेतली, खालून ओढली की उघडणारी.

"आता मी पडते," मी म्हणाले.

"तू कावून पडशील?"

"तुमी कावून पडलात?"

मी विहिरीत पोहायला शिकलेली, पाण्याला भीत नाही. पंजाबी ड्रेस घातला, वर जॅकेट चढवलं, आणि बजावलं, "तुमी नावेवरच थांबायचं. नाव घेऊन यायचं." ते हो म्हणाले. काठावर दीर दोन माणसं घेऊन तमाशा बघायला उभा होता.

मी उडी मारली. जॅकेटचा पट्टा ढिला राहिला असावा. पाण्यात पडताच ते वर सरकलं आणि माझ्या नाकातोंडावर आलं. मला काही दिसेना, ओरडता येईना. हात मारून ते खाली ओढायला थोडाच वेळ लागला असेल. पण डोळे उघडून बघते तर समोर यांचं डोकं. अंगावर जॅकेटसुद्धा नाही. मनगट असं घट्ट धरलेलं की बोटांचे वळ नंतर कितीतरी दिवस होते.

आणि त्यांच्या पलीकडे आमची नाव. शीड भरलेलं, सुकाणू दोरीनं अडकवलेलं, आत कुणी नाही, आणि तरी रेघ मारल्यासारखी सरळ चाललेली. नवी शिडी तिच्याबरोबरच गेली.

"आता नाव कोन आननार?" मी खेकसले.

"तू दिसंनाशी झालीस," ते म्हणाले. "मला काई सुचलंच न्हाई."

मनगट त्यांनी तरीही सोडलं नाही.

जाळी टाकणाऱ्या एका माणसानं पत्र्याच्या होडीतून आम्हाला काठावर आणलं. वाटभर तो पाठ फिरवून हसत होता. नाव पलीकडच्या तीरावर चिखलात नाक खुपसून उभी राहिली, ओरखडासुद्धा नाही. "वैनी, नाव लई गुनाची हाय," दीर ओरडला, "मालकाबिगर बी चालती!"

हे मात्र हसले नाहीत. ओल्या कपड्यांनी दगडावर बसून राहिले. मग खाली बघत म्हणाले, "इकून टाकतो. नाव चांगली हाय, मीच नापास. नाव सोडून उडी मारनाऱ्यानं समुद्रावर जाऊ नये. समुद्रात दोघंबी गेलो असतो."

बोलले ते खरंच होतं. मीही ओरडायला तोंड उघडलं होतं. पण आलं ते रडू. कारण उभ्या संसारात मी मनाशी एक धरून चालले होते, की हा माणूस आधी जहाजाचा आणि मग माझा. पोरं झाली तेव्हा ते जहाजावर. माझे वडील गेले तेव्हा जहाजावर. फोन आला की पाऊस पडला का, म्हशी कशा आहेत, शाळा कशी आहे. मी कशी आहे ते कधी विचारलं नाही. मी तक्रार केली नाही, पण हिशोब पक्का धरला होता: एक दिवस दोन्हींतलं एकच राखायची वेळ आली, तर हा जहाजावर थांबेल. तो हिशोब त्या दुपारी साफ चुकला, आणि चुकला म्हणून मला झालेला आनंद मी कुणाला नीट सांगू शकत नाही.

"इकायची न्हाई," मी म्हणाले. "गोव्याला जायचं. पन तुमच्या कमरेला दावं बांधून मी ते नावेला अडकवनार. मग बघू कशी उडी मारता."

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "आन् तुला?"

"मलाबी. त्याच खुंट्याला."