बिनधडाच्या ट्रकमधून सांगलीला

पुढं केबिन, मागं नुसता लोखंडी सांगाडा आणि चाकं, अशा ट्रकमधून तुम्ही कधी प्रवास केलाय? मी केलाय. कोरेगावजवळच्या आमच्या गावापासून थेट सांगलीपर्यंत, मांडीवर भाकरीचं गाठोडं आणि देवाचा नारळ घेऊन. गणपती पोचवले आणि त्याच आठवड्यात आम्ही निघालो. का निघालो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं उमजायचं नाही.

गेल्या हंगामात आमच्या रानाशेजारी ऊसतोडीची टोळी उतरली होती. एके सकाळी मंदा नावाची बाई दारात आली. बीडकडची, नुकतीच बाळंत झालेली, लेकरू पोटाशी धरलेलं. मला वाटलं भाकरी मागतेय. तर म्हणाली, "काकू, खायला नको. बादलीभर गरम पाणी अन् आडोसा द्या. उघड्यावर न्हायला जीव होईना."

तिला न्हाणीत घेतलं. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर चौघी आल्या, मग रांगच लागली. आमची न्हाणी अंगणात, अंगण रस्त्याला लागून. आमच्या ह्यांनी काय केलं, घरातली लोखंडी खुर्ची उचलली आणि न्हाणीकडं पाठ, रस्त्याकडं तोंड करून बसले. कुणी रेंगाळला की म्हणायचे, "फुडं चला, हितं बघण्यासारखं काय न्हाई." टोळी परत जाईपर्यंत रोज बसले. पेपर तिथं, दाढी तिथं.

हे सैन्यात ड्रायव्हर होते. तिकडं बर्फातल्या जवानांसाठी आंघोळीची गाडी यायची म्हणे. "आपुन तशी बांधू की," एक दिवस म्हणाले, "बायकांनी दारात कशाला यायचं? गाडीच उसाच्या फडावर नेऊ." साठवलेल्या पैशात जुना ट्रक आला, पण सांगाड्यासकट नुसती केबिन. वरचं धड बांधायला आमच्याकडं काही उरलं नव्हतं. हिशेब मी ठेवते, त्यामुळं मला ते ह्यांच्या आधी कळलं होतं.

मुलगी पुण्याला असते. तिनं कंपन्यांना मेल केले, सोबत ह्यांनी काढलेलं चित्र: चार खोल्या, मध्ये बंब, वर टाकी. दोघांनी नकार कळवला, बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. सांगलीजवळच्या एका कंपनीनं मात्र, जी पाण्याच्या टाक्या आणि बंब बनवते, "गाडी घेऊन या, बघू" असं लिहिलं. त्या दिवशी मी देवापुढं चहा सोडला. पहिली बाई आमच्या गाडीत न्हाऊन उतरेपर्यंत चहा नाही. ज्यांनी माझं चहाचं वेड पाहिलंय त्यांना ह्यात काय आलं ते समजेल.

रहिमतपूर, पुसेसावळी, कडेगाव करत विट्याला जायचं ठरवलं. हायवेनं रस्ता चांगला, पण टोल लागतो आणि नणंद लागत नाही. नणंदेकडं मुक्काम म्हणजे जेवण आणि लॉज दोन्ही वाचलं. मागं वजन नसलं की ट्रक खड्ड्याखड्ड्याला उड्या मारतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नारळ मांडीवरून दोनदा खाली गेला. कंबरेला उशी घ्या, एवढंच सांगते.

पुसेसावळीला हे चहाला थांबले. मी केबिनमध्येच बसले, वास येऊ नये म्हणून काच वर केली. टपरीवरचा एक म्हातारा गाडीला फेरी मारून आला.

"आवं, धड कुटं इसरलं?"

"सांगलीला इस्त्रीला टाकलंय," हे म्हणाले. "आणायलाच निघालूय."

म्हातारा हसत हसत माझ्या खिडकीशी आला आणि चहाचा कप पुढं केला. "घ्या वैनी, माज्याकडनं." नको म्हणताना मला इतकं वाईट वाटलं! ह्यांनी सगळी हकिकत सांगितली तेव्हा तो कप त्यानं स्वतः प्यायला आणि म्हणाला, "मग लवकर बांदा रं बाबा. बिचारीचं तोंड सुकलंय."

विट्याला नणंद सुमन. तिचा नवरा तमिळनाडूत सोन्याच्या गलाईचं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान चालवतो, त्यामुळं घर मोठं आणि माणसं मोजकी. तिनं आधी ट्रक पाहिला आणि मग मला.

"वैनी, लोकं देवाच्या यात्रंला गाड्या काढत्यात. तुमी न्हाणीची काढताय! कंपनीवाल्यास्नी काय सांगणार, आमाला मोरी द्या म्हणून?"

"व्हय, तसंच सांगणार," मी म्हटलं.

ती लय हसली. पण सकाळी निघताना तिनं चार वजऱ्या हातात ठेवल्या, टाचा घासायच्या, कोऱ्या. "न्हाणी म्हटल्यावर वजरी नको व्हय? ऊस तोडणाऱ्या बाईच्या टाचा बघितल्यात का कवा?" डोळे पुसत आत गेली, आम्हाला नीट निरोपही दिला नाही.

वाटेत तासगावला गणपतीचं दर्शन घेतलं. गोपुर उंच आहे, मान मागं टाकून बघावं लागतं. दक्षिणेकडच्या देवळाला आल्यासारखं वाटतं आणि खर्च शून्य. नारळ फोडला, देवळाबाहेरच्या कट्ट्यावर भाकरी, ठेचा आणि सुमननं दिलेली मटकीची उसळ खाल्ली. देवाला काय मागितलं ते लिहीत नाही. तुम्हाला माहीतच आहे.

कंपनीत आम्हाला भेटल्या त्या स्नेहल मॅडम, आमच्या मुलीच्याच वयाच्या. स्वतः बाहेर येऊन ट्रकखाली वाकून बघितलं. मग चित्र टेबलावर पसरलं. टाकी त्यांची, बंब त्यांचा, लाकडावर-पाचटावर चालणारा, नळ त्यांचे आणि धड बांधायचा खर्चही त्यांचा. बदल्यात गाडीच्या दोन्ही बाजूंना कंपनीचं नाव. ह्यांनी मान डोलवली, खिशातून पेन काढलं. सैन्यातून आल्यापासून ह्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता.

"आणि दर महिन्याला फोटो लागतील," मॅडम म्हणाल्या. "गाडी वापरणाऱ्या महिलांचे. रांगेतले, बाहेर येतानाचे. थोडा व्हिडिओ. एक चांगला फोटो मोठा करून गाडीवरही लावू."

ह्यांचं पेन कागदावर टेकलेलं. मी आधी पदर नीट केला.

"मॅडम, ते नाही जमायचं."

"का हो काकू? सगळेच देतात."

"ज्या बायकांना कुणी बघू नये म्हणून गाडी बांधतोय, त्यांचाच फोटो गाडीवर कसा लावायचा?"

मॅडम रागावल्या नाहीत, खरं सांगते. त्यांचं तोंड उतरलं. म्हणाल्या, "मला पटतंय. पण वरच्यांना दाखवायला काहीतरी लागतं हो. फोटोशिवाय मंजुरी मिळणं अवघड आहे. विचारून येते. तुम्ही बाहेर थांबाल?"

आम्ही फाटकाशी केबिनमध्ये जाऊन बसलो. मी वजऱ्यांची पिशवी उगाच इकडची तिकडं केली.

"मॅडमला न्हाई म्हणायच्या आदी बोलायचंस की मला," हे म्हणाले.

"फोटोला तुम्ही नाही म्हणाला असता?"

ह्यांनी पेन परत खिशात खोचलं आणि म्हणाले, "खुर्ची टाकून एवढे दिस बसलू ते कशासाटी, तेच इसरलू बघ. सही केली असती मी." आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दिवसाढवळ्या, कंपनीच्या फाटकावर! वॉचमन बघत होता. मी हात काढला नाही. गाडी तशीच परत न्यावी लागली तर रिकाम्या ट्रकच्या उड्या पुन्हा सोसायच्या, एवढंच मनात होतं, दुसरं काही सुचत नव्हतं.

मॅडम जवळजवळ पळतच आल्या. "काकू, वापरणाऱ्यांचे फोटो नकोत, ठीक आहे म्हणाले. पण गाडीवर एक तरी चेहरा हवाच. कुणाचा लावू?"

"माझा लावा," मी म्हटलं.

हे एकदम माझ्याकडं वळले. लग्नानंतर माझा एकटीचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. कंपनीच्या आवारात, निळ्या टाकीसमोर मला उभं केलं. हातात बादली, डोक्यावर पदर. फोटोवाला म्हणाला, "हसा काकू." हे मागनं म्हणाले, "चहाची आठवन काढू नको, मग हसशील." तोच फोटो लागलाय.

ट्रक बॉडी बांधणाऱ्याकडं सोडला. पायरी खाली घे, साडी अडकवायला खुंटी दे, आणि प्रत्येक खोलीत झोळीसाठी वर कडी दे, म्हणजे लेकरू आईच्या नजरेपुढं राहील, एवढं सांगितलं. तुम्हालाही अशी मदत मागायची असेल तर पैशापेक्षा वस्तू मागा, चित्र काढून न्या, आणि बांधकामाला आरटीओची परवानगी लागते ती आधी विचारून घ्या. सांगलीत एक रात्र साध्या लॉजवर काढली, सकाळी गणपतीचं दर्शन, भडंगाचा एक पुडा, आणि एसटीनं परत. बायकांना अर्धं तिकीट आहे. हे म्हणाले, "फोटोवालीला फुकट पायजे."

दसऱ्यानंतर जाऊन गाडी आणली, आता पूर्ण धडाची, उड्या न मारणारी. दिवाळी झाली आणि टोळी आली.

पहिल्या दिवशी गाडी फडाच्या कडेला लावली. बायका लांब उभ्या राहिल्या. गाडीवरच्या माझ्या फोटोकडं बघायच्या, माझ्याकडं बघायच्या, पण पाऊल उचलेना कुणी. नवी जागा, नवं दार, भरवसा कसा धरायचा?

ह्यांनी बंब पेटवला होता. पाणी बादलीत सोडलं, हात बुडवून बघितलं आणि मला हाक मारली, "पानी काडलंय. तू घे आदी."

संसारात हे वाक्य आजवर माझं होतं. रोज सकाळी मीच म्हणायचे. मी आत गेले, कडी लावली. पाणी बेताचं कढत होतं, जसं मला लागतं तसं. ह्यांना ते माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

ओल्या केसांनी खाली उतरले तर पायरीशी मंदा उभी. लेकरू आता चालायला लागलंय. "काकू, मी जाऊ?" म्हणाली. तिच्यामागं सगळ्या आल्या. न्हाऊन झाल्यावर तिनं तिच्या चुलीवरचा चहा आणून दिला, बिनदुधाचा, साखर जास्त. देवाचं नाव घेऊन मी तो बसून, फुंकून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

आता गाडी एका फडावरून दुसऱ्या फडावर जाते आणि संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन उभी राहते. आल्यागेल्याला माझा फोटो दिसतो, थोडं लाजल्यासारखं होतं, पण सवय होईल. घरात बसायला एक खुर्ची कमी पडते. पाहुणे आले की मी सतरंजी टाकते. ती खुर्ची गाडीतून उतरवायची नाही, असं आमचं ठरलंय. कुणी अशी गाडी बांधणार असाल तर टाकी, बंब, नळ कंपनीकडं मागा, देतात. खुर्ची मात्र घरचीच न्या.