लाल ठिपक्यांची जोडी

मनिलाशेजारच्या मारिकिना शहरात नोरिंगचं नाव निघालं की लोक आधी तिच्या हातांबद्दल बोलत. बावीस वर्षं ती बुटांच्या कारखान्यात जोड्या लावायच्या कामावर होती. डावा आणि उजवा एकाच कातड्याचे आहेत का, एका उंचीचे आहेत का, हे ती डोळे अर्धवट मिटून नुसत्या बोटांनी सांगायची. पुढे कारखान्याला कुलूप लागलं आणि भाची मायलीनने तिला आपल्या ई-सिगारेटच्या दुकानात आणून बसवलं. "मावशी, तू नुसती बस. गिऱ्हाईक मी बघते," मायलीन म्हणाली होती. नुसती बसेल ती नोरिंग कसली!

तिने बॅटऱ्यांना हात घातला. बोटाएवढे ते सेल, रंगीत प्लास्टिकच्या पातळ वेष्टनातले. दुपारी पंखा गरगरत असायचा, समोरच्या थांब्यावर मनिलाच्या जीपनी, त्या लांबट सवारी गाड्या, घरघरत असायच्या, आणि ती एकेक सेल तळहातावर ठेवून डोळे मिटायची. लोकांना वाटे, म्हातारी पेंगते आहे. पेंगायचीही, खोटं कशाला बोला! पण त्या गुंगीतच तिला लबाड सेल कळायचा. कुणीतरी कमी ताकदीच्या मालाला झगझगीत वेष्टन चढवून वर मोठे आकडे छापलेले असत. असला सेल बहुधा हाताला हलका लागे. मग ती पाववाल्याकडून आणलेल्या छोट्या काट्यावर तो तोलायची आणि सरळ बाजूला काढायची.

"मावशी, ह्याच्यावर चाळीस अँपियर लिहिलंय की!" एकदा एक कॉलेजकुमार कुरकुरला.

"तुझ्या बनियनवर चॅम्पियन लिहिलंय. आहेस का?"

चांगल्या सेलची ती जोडी लावायची. एकत्र घ्यायचे, एकत्र चार्ज करायचे, एकत्र म्हातारे होऊ द्यायचे. दोघांच्या अंगावर नखांना लावायच्या रंगाचा एकसारखा ठिपका. निळा, हिरवा, सोनेरी. लाल मात्र तिने कुणालाच दिला नव्हता. तो धाकट्या भावासाठी होता.

भाऊ क्रिस्पुलो जीपनी चालवायचा. गाडी वडिलांची. वडील सिगारेटने गेले, खोकून खोकून, आणि त्यांच्यामागे तीच सिगारेट ह्याने धरली. सात महिन्यांपूर्वी त्याने ती सोडली आणि ई-सिगारेटच्या वाफेवर आला. फुप्फुसाला धूर नको आणि वाफही नको, हे नोरिंगला कळत होतं. पण वडिलांसारखा तो खोकला भावाच्या छातीतून तिला पुन्हा ऐकायचा नव्हता.

"ताई, मला एक जास्तीचा सेल दे," तो एक दिवस म्हणाला. "दुपारी हा मान टाकतो. आणि सिग्नलला सुटी सिगारेट विकणारा बरोबर खिडकीशी हजर!"

तिने तीन दिवस घेतले. शंभरातून दोन निवडले. झोपेतसुद्धा ते सेल तिच्या तळहातावर येऊन बसत. लाल ठिपके लावून तिने जोडी त्याच्या हातात ठेवली.

"वेष्टन फाटलं तर वापरायचा नाही."

"हो गं बाई! सेल देतेयस की मुलगी?"

मायलीनने सेल ठेवायची प्लास्टिकची डबी पुढे केली, तशी नोरिंग फणकारली. "ती गिऱ्हाइकांना. माझ्या भावाला मी कातड्याची पिशवी शिवून देईन." ही शिवण मात्र आज-उद्या करत राहून गेली.

दोन आठवड्यांनी ती त्याच्याच जीपनीतून बाजाराला निघाली होती. नेहमीची जागा, चालकाच्या अगदी मागे. तिथे बसणाऱ्याने मागच्यांचे पैसे पुढे द्यायचे आणि सुटे मागे पोचवायचे. हातोहात नाणी येत होती, जात होती. गाडी डुलत होती, गरम वारा येत होता, आणि नोरिंगला डुलकी लागली. त्या डुलकीत ती कारखान्यात होती. समोर बुटांची रांग, आणि रांगेत वडील एका पायात बूट घालून उभे. दुसरा शोध गं, म्हणत होते.

क्रिस्पुलोने मागे न बघता सुटं नाणं तिच्या हातात दिलं. नाणं गरम होतं. उन्हाने तापतं तसं नव्हे. पोळणारं.

नोरिंगचे डोळे खाडकन उघडले. "पुलो! गाडी थांबव! आधी थांबव!"

गिअरजवळच्या लाकडी चिल्लरपेटीत, नाण्यांच्या खचात, लाल ठिपक्याचा सेल पडला होता. नाण्यांनी घासून वरचं वेष्टन सोललं होतं, आणि तीच नाणी दोन्ही टोकांना चिकटून बसली होती. गोडसर, उग्र वास येत होता. तिने डोक्याचा रुमाल हाताला गुंडाळला, पेटी उचलली आणि फुटपाथवर नेऊन पालथी केली. छत्रीच्या टोकाने सेल नाण्यांपासून दूर लोटला. तो फुसफुसला, काळा पडला आणि निपचित झाला. लोक लांब उभे राहून छातीवर क्रुसाची खूण करत होते.

"गाढवा! पैशांत सेल ठेवतात?" ती ओरडली, आणि ओरडतानाच तिला रडू फुटलं. "इतका निवडून दिला होता रे मी!"

क्रिस्पुलो रिकामी पेटी धरून उभा होता. त्याने कोपऱ्यातल्या खणावर बोट ठेवलं. "बाबांचं सिगारेटचं पाकीट इथं असायचं ना, मग माझं. सिगारेट सोडल्यापासून हा खण रिकामा. सारखा हात तिथं जायचा, ताई. म्हणून तिथं ठेवला. धक्क्याने नाण्यांत घरंगळला असेल."

शिवायची पिशवी नोरिंगनेच शिवली नव्हती.

बाजार राहिला. घरी येऊन तिने खोक्यातून जुनं तपकिरी कातडं काढलं, आणि दोन सेलचे दोन कप्पे, मधे जाड पडदा, अशी पिशवी दुहेरी टाक्यांनी शिवली. उरलेला सेलही तिने परत घेतला आणि सकाळी दुकान उघडल्या उघडल्या नवी जोडी निवडायला बसली. या वेळी तिचा डोळा लागला नाही.

दुपारी ती थांब्यावर गेली. चिल्लर क्रिस्पुलोने कापडी पिशवीत भरली होती. तिने स्वतः पेटीत हात घालून नव्या जोडीची कातड्याची पिशवी कोपऱ्यातल्या खणात बसवली. मापाची बसली.

"जाऊ दे आता हात तिथं," ती म्हणाली.