उघाडीतली खुंटी

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही, आणि आता ती नाही. पण मागच्या रविवारी, रोह्याजवळ वरसे गावातल्या आमच्या घरी, नातीने सहलीसाठी फोनवर तंबूंचे फोटो दाखवले आणि मला गप्प राहणं जमेना.

"आजोबा, धरमतरच्या खाडीला लागूनच आहे. तंबूत पलंग, एसी, सगळं."

"मग तो तंबू कसला?" मुलगा म्हणाला.

"बाबांसाठी बांधाजवळचा घेऊ," सून म्हणाली. "वारा चांगला येईल."

तो बांध मी ओळखला. तंबू उभे होते त्या जमिनीवर मी भात पाहिलेलं आहे. तिथे भात पिकेनासं कशाने झालं, हेही मला माहीत आहे.

तरुणपणी मी रोह्याला कंपनीत होतो. माझ्या शिफ्टमधल्या एका सोबत्याचं गाव पेणजवळ, खाडीकाठी. आम्हा मित्रांना तंबू ठोकून राहायची हौस आली. जागा ठरवायचं मी अंगावर घेतलं. कापणी झाली होती. सोबती सुट्टीवर गावी निघाला, तसा मीही एका दुपारी त्याच्याबरोबर गेलो. पॅकिंगच्या फळ्या तासून केलेल्या खुंट्या पिशवीत होत्या, जमिनीत कितपत धरतात ते पाहायला.

सोबत्याची वहिनी शेतावरच होती. भाताच्या उडव्या रचलेल्या, झोडणी व्हायची होती. तिचा नवरा बार्जवर कामाला, म्हणून उघाडीची पाळी ती सांभाळत होती. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीने बाहेरून रेटलं की आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं. खारं पाणी आत शिरलं की जमीन कित्येक पावसाळे भात देत नाही, म्हणून गावातली घरं पाळीपाळीने त्या दारावर नजर ठेवत.

"घर असून शेतात झोपनार भावोजी? बायकोनं हाकललं काय?"

"अजून लग्न व्हायचंय, वहिनी."

"मंग आतापास्नं सवय करताय व्हय!"

मित्रांना मी जिताड्याचं कालवण कबूल करून बसलो होतो. उघाडीला फट ठेवली की भरतीबरोबर जिताडा मासा आतल्या चरात येतो आणि अडकतो, असं ऐकलं होतं. सोबती आणि वहिनी तंबूची जागा पाहायला पुढे गेले. मी मागे राहिलो. पाणी ओसरलेलं होतं. दार ढकललं आणि फटीत एक खुंटी ठोकली. एका भरतीचं पाणी चरात मावेल, निघताना सोबत्याला सांगू, तो उद्या काढेल, असा हिशेब केला. मग चहा झाला, ताडपत्री कोण आणणार, चूल कुठे मांडायची यावर बोलणं रंगलं आणि एसटीसाठी मी धावत सुटलो.

खुंटी आठवली ती रोह्यात उतरल्यावर. पौर्णिमा जवळ आल्याचंही तेव्हाच लक्षात आलं. सकाळी जाऊ म्हटलं. सकाळी उठून शिफ्टला गेलो. एवढ्याशा फटीने काय होणार!

उधाणाने ते दार बिजागरीतून उखडलं. उडव्या खालून भिजल्या. शेजारच्यांची शेतंही खारावली. आमची सहल राहिलीच.

पुढच्या सुट्टीला सोबत्याबरोबर गेलो तेव्हा गाव बांधावर जमलं होतं. वहिनीच्या हातात माझी खुंटी होती.

"ही आमच्या घरची नाय. लाकूड तरी बघा कसलं हाय!"

"खुंटीवर नाव लिवलेलं असतं व्हय?" एक म्हातारा म्हणाला.

मागून एक बाई बोलली, "कालवण तरी गोड लागलं का गो?"

लोक हसले. माशांच्या मोहाने कुणीकुणी दार अडकवून ठेवतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाळी ज्याची, आळ त्याच्यावर. वहिनी माझ्याकडे वळली.

"भावोजी, तुमी व्हता ना त्या दिवशी? सांगा यांना, दार मिटलेलं व्हतं."

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

त्या घराकडून उघाडीची पाळी कायमची काढून घेतली. उघाडीवर विश्वास न ठेवण्याजोगं घर, एवढीच त्या घराची ओळख उरली. सोबत्याने पुढे बदली मागून घेतली. मी मात्र इथेच राहिलो. अजून वाऱ्याने न्हाणीचं दार आपटलं की मी उठून ते नीट लावून येतो. पौर्णिमेला तर दिवसभर माझे कान त्या दाराकडेच असतात.

मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायचं निमित्त करून एकदा गेलो होतो. बोलायचं वाक्य एसटीत घोकलं होतं. वहिनीच्या अंगणात वासरू बांधलेलं होतं. माझ्याच खुंटीला.

माझी नजर तिथे थांबलेली तिने पाहिली. "मजबूत हाय," ती म्हणाली. "अजून कुजली नाय."

मग ती चहा ठेवायला आत गेली. मी चहा प्यायलो, पत्रिका ठेवली आणि परत आलो.

परवा तंबूंची जागा पाहू म्हणून मुलाला तिकडे गाडी न्यायला लावली. आधी तिच्या दारात थांबलो. आतून त्या घरची तरुण नातसून आली. "आजी गेल्या पावसाळ्यात गेली," ती म्हणाली. अंगण आता फरशीचं आहे. मी मुलाला गाडी तिथूनच वळवायला सांगितली. का, ते त्याला हे वाचून कळेल.

एसटीत घोकलेलं ते वाक्य असं होतं: वहिनी, तुम्ही दार नीट मिटलं होतं. खुंटी मी ठोकली. मला माफ करा.