चौकोनी मनगट

दाढ काढताना चिमटा माझ्या हातातून निसटला आणि पेशंटच्या ओठावर आदळला. आनेकलहून बस धरून आलेले वयस्कर गृहस्थ होते. ओठ फुटून रक्त आलं. मी माफी मागत राहिले, तर तेच मला समजावू लागले, "परवागिल्ला, अम्मा." असू दे. त्यांचं काम उरकलं आणि बाहेर बसलेल्या बाकीच्यांना मी परत पाठवलं.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं कित्येक महिने बधिर होत होती. पहाटे मुंग्यांनी जाग यायची. हात झटकला की बरं वाटायचं. बनशंकरीतल्या माझ्या दवाखान्यात दिवसभर हत्यारं घट्ट धरायची म्हटल्यावर हात दुखणारच, असं मी धरून चालले होते.

हाताच्या डॉक्टरांनी माझं मनगट मोजलं, आधी जाडी, मग रुंदी. पंजाही मोजला.

"मनगट जवळजवळ चौकोनी आहे. पंजा रुंद, बोटं आखूड. अशा हातांत मनगटातली नस दबायची शक्यता जास्त. त्यात तुमचं काम असं."

"म्हणजे हे जन्मापासूनचं?"

"ठेवण जन्माची. त्रास सगळ्यांनाच होतो असं नाही. तुम्हाला झाला."

सोबत आलेल्या आईने माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला. तोच आखूड, रुंद पंजा. अंगठ्याखालचा मांसल भाग मात्र पार बसलेला.

"माझी बोटं तर कधीच मेलीत," ती सहज म्हणाली. "तवा लागला तरी कळत नाही. वय झालं, म्हटलं."

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून बोटांना टाचणी लावली. "टोचली की सांगा." आई वाट बघत राहिली. शेवटी तिनेच विचारलं, "अजून सुरू नाही केलं?"

तिच्या हातासाठी आता फारसं करण्यासारखं नव्हतं. माझं ऑपरेशन झालं. मुंग्या थांबल्या, पण पकड आली नाही. वर्षभर वाट पाहून मी दवाखाना दुसऱ्या डॉक्टरबाईंना दिला.

सकाळी आई ब्लाउजचे मागचे हुक लावून घ्यायला माझ्याकडे पाठ करून उभी राहते. "स्वल्प ओढून लाव," म्हणते. कधी एखादा लागतो, कधी तोही नाही. मग आम्ही शेजारच्या अक्कांना हाक मारतो. त्या आधी आईचे हुक लावतात, मग माझे. आई त्यांच्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलत असते. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते.