लेकीच्या घरचं पाणी

आई तुडीलहून माझ्या सासरी, कापडे गावाला यायची, तेव्हा तिच्या पिशवीत पाण्याची बाटली असायचीच. स्वतःच्या विहिरीचं पाणी. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आईच्या माहेरची रीत. आमच्याकडे डोंगरातल्या झऱ्याचं गोड पाणी, आणि ही माझ्याच ओटीवर बसून बाटलीतलं कोमट पाणी घोट घोट पिणार! माझे केस पिकायला लागले, तरी तिची बाटली काही सुटली नाही. राग यायचा मला, पण बोलायचं कसं?

मग तिचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं. आईने तोडलं, जीव की प्राण असलेली सुकटसुद्धा सोडली. तरी बीपी खाली येईना. असंच राहिलं तर मूत्रपिंडं जातील, असं डॉक्टर म्हणाले. बाई मीठ खात नाही, मग मीठ येतंय कुठून?

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. माझ्यासारख्या मास्तरणीला तेवढीच दुपारची झोप. अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाईलवर सरकारी नकाशा उघडला, भूजलाच्या तपासणीचा. कुणालाही बघता येतो तो. सावित्री नदीच्या काठाने निळे ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक विहीर. पंखा संथ फिरत होता, डोळ्यांवर झापड होती, आणि वाटायला लागलं की आपणच जमिनीखालून चाललोय. पोलादपूरच्या डोंगरात मुरत, भातशेतांच्या खालून, अंधारातून, अगदी सावकाश, आईच्या विहिरीपर्यंत. उठूच नये असं वाटत होतं. त्याच गुंगीत तुडीलजवळचा ठिपका दाबला. मीठ मर्यादेत! मी लगेच फोन लावला.

"आई, पाणी चांगलं हाय गो तुझं."

"मग मी काय सांगत होते? आमची विहीर म्हणजे अमृत हाय!"

संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला ही बातमी कळलेली होती.

झापड उतरल्यावर मी नीट वाचलं. नमुना पावसाळ्यानंतर घेतलेला. अगो बाई! आमच्याकडचा पाऊस सगळं धुऊन काढतो, तेव्हा कुठल्या विहिरीचं पाणी गोड नसतं? खाली त्याच विहिरीची दुसरी ओळ होती, पावसाआधीची. तिथे मीठ मर्यादेच्या वर. उन्हाळ्यात नदी रोडावते, भरतीचं खारं पाणी आत चढतं आणि काठच्या विहिरी मचूळ होतात. शिवाय तो ठिपका आमच्या विहिरीचा नव्हताच, खालच्या आळीतल्या विहिरीचा होता. म्हणजे शेजारणीचं बीपी मोजून आईला गोळी दिल्यासारखं झालं की हे!

म्हणून तुडीलला गेले. आमच्याच विहिरीच्या पाण्याने बाटली खळखळून धुतली, भरली आणि महाडला तपासायला दिली. उत्तर आलं: मीठ फार. आईच्या जिभेला ते कळत नव्हतं, लग्न होऊन आल्यापासून तेच पाणी प्यायलेली ती.

"मग उकळून पिते," ती म्हणाली.

"उकळून वाफ जाते आई, मीठ भांड्यातच राहतं."

जारचं पाणी विकत आणलं, ते तिला मेलेलं लागलं. मग मी कापड्याहून कॅन भरून नेला. पुढच्या रविवारी बघते तर कॅन रिकामा, आणि अंगणातली तुळस ही डवरलेली!

"लेकीच्या घरचं हाय ना ते," आई म्हणाली. "मला नाय चालत. तिला चालतं."

माझा पारा चढला. "कशाची वाट बघतेस गो आई? मला मूल होणार नाही आता. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. तू असलं पाणी पिऊन मरशील, आणि येणारं कुणीच नाहीये!"

आई सुपातले तांदूळ निवडत राहिली. मी तशीच निघाले, एसटीत पदराने डोळे पुसत.

पुढच्या रविवारी मी निघायच्या आधी तीच आली. दुपार होती, गाव पेंगत होतं. ओटीवर टेकली. सवयीने माझी नजर तिच्या पिशवीवर गेली. आत आंबे होते. बाटली नव्हती.

"तहान लागली गो," आई म्हणाली.

मी तांब्या भरून आणला. तिने तो वरूनच घटाघटा रिकामा केला, पाणी हनुवटीवरून ओघळून चोळीत गेलं. मला आनंद झाला, खूप झाला. पण ती बाटली होती तोवर या जगात कुणीतरी माझ्या बाळाची वाट बघत होतं, हेही मला त्याच क्षणी कळलं. मला रडू फुटलं.

आईने रिकामा तांब्या पुढे केला.

"रडतेस काय? आण अजून. किती वर्षांची तहान हाय माझी."